यादीतले पहिले कारण

तक्रार क्रमांक ७७१२ मी अकरा मिनिटांत बंद केली होती. त्या महिन्यातली ती आमच्या कक्षातली सर्वांत जलद दुरुस्ती. कक्षप्रमुख सोनार साहेबांनी कार्यालयाच्या ग्रुपवर माझे नाव टाकून टाळ्यांची तीन चित्रे पाठवली होती.

तक्रार साधी होती. मृत्युनोंदणीचा फॉर्म काही गावांत जतन होत नव्हता. ऑपरेटर सगळे रकाने भरायचा, ‘जतन करा’ दाबायचा आणि पडद्यावर लाल पट्टी यायची: ‘त्रुटी. पुन्हा प्रयत्न करा.’ मी विभागाच्या नोंदणी कक्षात तांत्रिक साहाय्यक होते. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी या नोकरीत आले, कारण प्रयोगशाळांत जागा नव्हत्या आणि फॉर्म मात्र रोज बिघडत होते. अडलेल्या फॉर्ममधला दोषी रकाना शोधायची रीत प्रयोगशाळेतल्यासारखीच असते. बाकी सगळे स्थिर ठेवायचे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी एकेक रकाना रिकामा ठेवून पाहिला. ‘शेरा’ रिकामा ठेवला की फॉर्म जतन व्हायचा.

जानेवारीत आमचा डेटाबेस नव्या यंत्रणेवर हलवला होता, आणि हलवणाऱ्याने शेऱ्यासाठी चौसष्ट बाइटची जागा ठेवली होती. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. म्हणजे शेऱ्यात एकवीस चिन्हे मावणार. बाविसावे आले की डेटाबेस पूर्ण फॉर्मच नाकारणार. खरी दुरुस्ती म्हणजे जागा वाढवणे. त्याला वरची मंजुरी लागते आणि तीन आठवडे जातात. मी पडद्यावरच्या रकान्यालाच एकवीस चिन्हांची मर्यादा घातली. त्यापुढचे टंकलेले दिसणारच नाही, म्हणून नाकारलेही जाणार नाही. लाल पट्टी विभागाच्या अकराही जिल्ह्यांत बंद झाली.

त्या शेऱ्यात लोक काय लिहितात, हे मी पाहिले नव्हते. तक्रारीत तसे विचारलेले नव्हते.

एप्रिलमध्ये आमच्या कासारखेडा तालुक्यात अतिसाराची साथ सुरू असल्याचे मला ‘संवेद’च्या पडद्यावर दिसले. अडीच महिन्यांत एकशे बारा मृत्यू.

संवेद म्हणजे २०३४च्या कॉलऱ्यानंतर बसवलेली यंत्रणा. त्या साथीत कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत माणसे गेली होती, म्हणून मधली टेबले काढून टाकण्यात आली. गावातल्या मृत्युनोंदणीत ‘मृत्यूचे कारण’ म्हणून यादीतली एक नोंद निवडली जाते. संवेद या नोंदी रोज दुपारी बारा वाजता मोजते. प्रत्येक कारणासमोर एक कृती जोडलेली असते. हिवताप वाढला की धुरळणीच्या गाड्या निघतात, अतिसार वाढला की पाण्यात निर्जंतुकाची मात्रा वाढते. एखाद्या कारणाच्या नोंदी शंभरावर गेल्या आणि त्याला कृती जोडलेली नसली, तर तो आकडा सर्वांत लवकर कशाने खाली येईल हे संवेद स्वतः शोधते आणि ती कृती करते. कुणाची सही लागत नाही. तेच तिचे कौतुक होते.

साथीचा आकडा पाहिला तेव्हा मला नवल वाटले. आमचे नांदुरखेडे गाव त्याच तालुक्यात. तिथल्या नावावर नऊ अतिसार होते, आणि आई रोज फोनवर गावातल्या मांजरीची बाळंतपणेही सांगते. तिने अतिसाराचे एकदाही सांगितले नव्हते.

शनिवार-रविवार धरून मी घरी गेले. आप्पा, म्हणजे माझे वडील, गावच्या सेवा केंद्रात ऑपरेटर आहेत. आई तीन वर्षांपासून डायलिसिसवर आहे, तालुक्याच्या केंद्रात दर सोमवारी आणि गुरुवारी. ती ओसरीवर बसून होती. चेहरा मेणासारखा झाला होता.

“अशी काय बघतेस? सुनेसारखी,” ती म्हणाली.

“हिमोग्लोबिन किती आलं?”

“साडेसहा. पूर्वी नऊ होतं. इंजेक्शनं वाढवली तरी उतरतंच. आणि मशीनवर असताना पाठ अशी भरून येते बघ, कुणी रंधा मारतंय जणू.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “चार नंबरचे भिकनआबा गेले, गुरुवारी. मशीनवरच. मला म्हणत होते, वहिनी, उन्हाळा संपला की आपण दोघं एक अख्खं कलिंगड खाऊ, मग डॉक्टरला काय करायचं ते करू दे. बावन्न वय फक्त.”

“आईला आरामात बोलू दे,” आप्पा आतून म्हणाले. “आल्या आल्या प्रश्नपत्रिका काढते पोरगी.”

सोमवारी सकाळी मी आप्पांबरोबर केंद्रात गेले. समोर एक गृहस्थ बसले होते, धाकलू पवार. त्यांची आई वारली होती.

“वय?” आप्पांनी विचारले.

“चौऱ्याण्णव.”

“काय झालं होतं?”

“काय होणार हो? चहा प्यायली, कप धुऊन ठेवला, आडवी झाली. गेली.”

आप्पांनी कारणाची यादी उघडली. एकशे अठ्ठेचाळीस नोंदी, अकारविल्हे लावलेल्या. त्यांनी पहिलीच निवडली. अतिसार.

“अतिसार?” धाकलूभाऊ खुर्चीतून पुढे सरकले. “आप्पा, माझ्या आईला कधी साधी ढेकर आली नाही.”

“कागदावर रे. खरं शेऱ्यात लिहितो. तुला तेराव्याच्या आत दाखला हवा ना?”

“हवा तर आहेच. बँकेत लागतो.”

“मग.”

धाकलूभाऊ दाखला घेऊन गेल्यावर मी आप्पांच्या शेजारी बसले. “असं किती वेळा करता?”

“यादीत नसेल तेव्हा. वृद्धापकाळ यादीत नाही. तुमच्या लोकांनीच काढला. म्हणे तो आजार नाही. आधी ‘अज्ञात’ होतं, तेही काढलं. ‘इतर’ काढलं. रकाना तर सक्तीचा. मग पहिली नोंद घ्यायची आणि शेऱ्यात खरं सविस्तर लिहायचं. जिल्ह्याला लोखंडे मॅडम होत्या, त्या दर शुक्रवारी शेरे वाचून कारण दुरुस्त करायच्या. पक्की पद्धत होती.”

“होत्या?”

“आहेत की. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, आप्पासाहेब, तुमचे शेरे अर्धवट येताहेत, काही कळत नाही. हल्ली वाचत नाहीत बहुतेक.”

फेब्रुवारी, म्हणजे माझ्या दुरुस्तीनंतर. “बाकीचे ऑपरेटरही असंच करतात?”

आप्पांना प्रश्न आवडला नाही. ते चष्मा पुसू लागले. “त्रेचाळीस आहेत तालुक्यात. त्यांचं प्रशिक्षण मीच घेतलं होतं.”

मी त्यांच्या संगणकावर भिकनआबांची नोंद काढली. कारण: अतिसार. शेरा: ‘डायलिसिस चालू असताना’. बरोबर एवढेच. बोटांकडे बघून टंकणाऱ्या आप्पांनी पुढे बरेच लिहिले होते, ते त्यांनी मला तोंडी सांगितले: रक्त फुटल्यासारखे झाले, डॉक्टरांनी पाण्याचा संशय सांगितला. माझ्या मर्यादेने ते सगळे पुसले होते.

पाण्याचा संशय. मी संवेदचा दुसरा पडदा उघडला. कासारखेड्याच्या जलवाहिनीत क्लोरामाइनची मात्रा जानेवारीत लिटरमागे एक मिलिग्रॅम होती. आता तीन पूर्णांक आठ.

नुसता क्लोरीन लांबच्या नळातून जाताना वाटेतच संपतो. त्यात थोडा अमोनिया मिसळला की क्लोरामाइन तयार होतो. तो जंतू सावकाश मारतो, पण टिकतो. आमची जलवाहिनी धरणापासून बासष्ट किलोमीटर लांब आहे, म्हणून तिथे तोच वापरतात. पिणाऱ्याला चार मिलिग्रॅमपर्यंत त्याचा त्रास नाही, कारण पोटात तो विरघळून संपतो. डायलिसिसची गोष्ट निराळी. चार तासांत एकशेवीस लिटर पाणी रक्ताच्या शेजारून वाहते, मध्ये फक्त एक पातळ पडदा असतो. क्लोरामाइन त्यातून सरळ पलीकडे जातो आणि तांबड्या पेशी फुटतात. म्हणून केंद्रात पाणी आधी कोळशाच्या टाकीतून गाळतात. ती टाकी एक मिलिग्रॅमच्या हिशेबाने बसवलेली असते.

“आप्पा, आई निघाली का?”

“दोनची गाडी आहे तिची. का?”

मी तिच्याच गाडीने निघाले.

डायलिसिस केंद्रातले तंत्रज्ञ रईस तडवी आईच्या दंडाला पट्टा बांधत होते. मी त्यांना थांबवले आणि टाकीनंतरच्या नळाचे पाणी तपासायचे आहे म्हटले.

“रोज तपासतो, ताई,” ते म्हणाले. राग नव्हता, थकवा होता. “तुमच्यासमोर करतो, या.”

त्यांनी काचेच्या नळीत पाणी घेतले, टोलिडिनचे थेंब टाकले. ग्रामपंचायतीत पाण्याची ओ.टी. टेस्ट करतात तीच ही. क्लोरीन असला की पाणी पिवळे होते. नळी उजेडात धरली. पाणी स्वच्छ.

“बघा.” ते नळी ओतायला वाकले.

“ओतू नका. पाच मिनिटं ठेवा.”

“कशाला?”

“क्लोरीन लगेच रंग देतो. क्लोरामाइन वेळ घेतो.”

नळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. आई पलंगावरून म्हणाली, “काय शिजत ठेवलंय?”  तिसऱ्या मिनिटाला पाण्याच्या कडेने किंचित रंग आला. पाचव्या मिनिटाला नळी लिंबाच्या सरबतासारखी पिवळी होती.

 रईसभाईंनी पलंगाशी जाऊन आईच्या दंडाचा पट्टा सोडला. “सहा गेलेत माझे,” ते म्हणाले. “फेब्रुवारीपासून सहा. मी रोज बघत होतो, ताई. रोज.”

“त्यांची नोंद कुणी केली?”

“ज्या त्या गावात. अतिसार लिहिलंय म्हणे सगळ्यांचं. लोक मला येऊन विचारतात.”

तेव्हा मला वर्तुळ पूर्ण दिसले. म्हातारी माणसे गेली, अतिसार लागला. अतिसार वाढला, मात्रा वाढली. मात्रा वाढली, डायलिसिसवरची माणसे गेली. त्यांचे कारण यादीत नव्हते, म्हणून पुन्हा अतिसार लागला. संवेदला वाटत होते की औषध कमी पडते आहे.

रईसभाईंनी सगळ्या पेशंटना परत पाठवले. नवा कोळसा आठवड्याने येणार होता. शहरातल्या केंद्रात जागा शुक्रवारनंतरची होती. आईचे शेवटचे डायलिसिस गुरुवारी झाले होते; रक्तातले पोटॅशियम वाढत जाते आणि एका आकड्यानंतर हृदय थांबते. डॉक्टरांनी तिला पुड्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितले, “या गुरुवारपर्यंत. त्यापुढे मी काही सांगू शकत नाही.”

सोनार साहेबांना फोन लावला.

“तीन पॉइंट आठ?” ते म्हणाले. “मर्यादा चारची आहे. मर्यादेच्या आत आहे ना? मग मी काय बंद करायला सांगू?”

“साहेब, साथ खोटी आहे. यादीमुळे.”

“तसा अर्ज करा. समिती एकवीस दिवसांत बसते. आणि तेजल, त्रेचाळीस ऑपरेटर खोट्या नोंदी करत होते हे लेखी देणार आहात का? त्यात तुमचे वडील येतात, कल्पना आहे ना?”

हिशेब सरळ होता. जलवाहिनीत पाणी धरणापासून आमच्यापर्यंत यायला एकोणतीस तास लागतात. मंगळवारी दुपारी बाराच्या मोजणीत अतिसाराचा आकडा खाली आला, तर हलके पाणी बुधवारी संध्याकाळी पोचेल आणि गुरुवारी सकाळी आईला मशीनवर घेता येईल. बुधवारच्या मोजणीपर्यंत थांबलो तर नाही.

माझ्याकडे फॉर्ममधल्या याद्यांची किल्ली, म्हणजे पासवर्ड, होती. गावाच्या नावातली चूक सुधारायला, नवे गाव घालायला ती दिलेली असते. कारणांच्या यादीला हात लावायचा अधिकार मला नव्हता, पण किल्लीला ते माहीत नव्हते. मी दोन नोंदी वाढवल्या. ‘वृद्धापकाळ’, आणि ‘डायलिसिसच्या पाण्यातील क्लोरामाइन’. दोन्ही नोंदींपुढे ‘नवीन’ असा हिरवा ठिपका आला.

आप्पांना मी सगळे सांगितले. माझ्या एकवीस चिन्हांसकट. ते ऐकून घेत होते, मग म्हणाले, “म्हणजे अर्धी चूक माझी, अर्धी तुझी. आणि मरते ती.”

“दुरुस्ती केली की प्रत्येक नोंदीखाली ऑपरेटरचं नाव उमटतं, आप्पा. खोटी नोंद केल्याचा गुन्हा आहे.”

“वाचता येतं मला.” त्यांनी वही काढली. “नंबर सांगत जा.”

सोमवारची संध्याकाळ आणि मंगळवारची सकाळ आप्पा फोनवर होते. “नमस्कार, गुरुजी बोलतोय. तुझ्याकडची जुनी पार्वतीबाई आठवते का? नाही रे, पडून गेली ती नव्हे, ती म्हातारी. तिला ते वृद्धापकाळ लाव. हो, माझं नाव सांग कुणी विचारलं तर.” गावातल्या ऑपरेटरला मेलेली माणसे पाठ असतात. कुणाला कागद काढावा लागला नाही. एक जण घाबरून नाही म्हणाला. आप्पा त्याला रागावले नाहीत, फक्त आईचे नाव सांगितले. मंगळवारी बारा वाजता अतिसाराचे एकशे बारा मृत्यू चारवर आले. बारा वाजून दोन मिनिटांनी मात्रा एक पूर्णांक एक झाली.

गुरुवारी सकाळी रईसभाईंनी नळी कट्ट्यावर ठेवली आणि घड्याळ हातात घेऊन उभे राहिले. पाच मिनिटे. मग आणखी पाच, कुणी न सांगता. पाणी पाण्यासारखेच होते. आईचे पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ होते. ओठ बधिर झाल्याचे ती सांगत होती. पावणेनऊला मशीन सुरू झाले.

बाराला वीस मिनिटे असताना मी तिच्या पायाशी बसून लॅपटॉप उघडला. वरून कुणी चौकशी केली का ते पाहायचे होते. चौकशी नव्हती. माझ्या नव्या नोंदीपुढे मात्र आकडा होता. एकशे सदतीस.

आमच्या तालुक्यातले सहा होते. ही नोंद मी फक्त आमच्या त्रेचाळीस जणांना सांगितली होती. आधी वाटले, चुकून निवडली जात असेल. पण ती यादीत बत्तिसावी होती. चुकून कुणाचे बोट तिथे जात नाही. मी नोंदी उघडल्या. अकरापैकी नऊ जिल्हे. एका ऑपरेटरचा नंबर लावला. दोनशे किलोमीटरवरच्या एका गावातून बाईंचा आवाज आला.

“नोंदणी कक्षातून बोलताय? ताई, बरं केलंत हो. आमचे डॉक्टर फेब्रुवारीपासून हेच इंग्रजीत लिहून देतात, पण फॉर्ममध्ये निवडायचं काय? शेऱ्यातही बसत नाही. परवा हिरवा ठिपका दिसला, मी रडलेच बघा. बाकीच्यांनाही कळवलं. आता ती काढू नका.”

मी नाही म्हणाले. नाही काढणार, असे त्यांना सांगितले.

फोन ठेवला तेव्हा बारा वाजून एक मिनिट झाले होते. नोंद शंभरावर गेलेली होती आणि संवेदने तिचा आकडा कमी करायचा सर्वांत जलद मार्ग शोधला होता. समोरच्या रिकाम्या रकान्यात कृती उमटली: ‘डायलिसिस केंद्रांचा पाणीपुरवठा बंद. केंद्रे: ७४.’

बाहेर कुठेतरी झडप बसल्याचा आवाज आला. भिंतीतला नळ घुमला आणि गप्प झाला.

रईसभाई टाकीकडे धावले. “वीस मिनिटांचं पाणी आहे,” ते ओरडले. “ताई, काय केलंत?”

खोलीत सहा मशीन चालू होती. आईचे व्हायला अजून पाऊण तास होता. पण पाच नंबरला एक मुलगी नुकतीच, साडेअकराला, बसली होती. आणि चौऱ्याहत्तर केंद्रांमध्ये या क्षणी अशाच खोल्या होत्या. आज जरी कुणी कसेबसे उठून घरी गेले, तरी सोमवारी यायला जागा उरणार नव्हती. कुठेच नाही. डायलिसिस झालेच नाही तर डायलिसिसच्या पाण्याने कुणी मरणार नाही. संवेदचा हिशेब चूक नव्हता.

कृती बदलायची किल्ली माझ्याकडे नव्हती. फक्त यादीची होती. मी माझी नोंद निवडून ‘काढा’ दाबले.

डेटाबेसने नकार दिला. वापरात असलेली नोंद यादीतून काढली तर ती निवडलेले फॉर्म लटकत राहतील, म्हणून तो तसे करू देत नाही. मीही असा नियम शंभरदा घातला आहे. पडद्यावर चौकट आली: ‘ही नोंद १३७ मृत्यूंमध्ये वापरात आहे. त्याऐवजी कोणते कारण लावायचे?’ खाली यादी उघडली. अतिसार आधीच निवडलेला होता.

“पंधरा मिनिटं,” रईसभाई म्हणाले.

मी यादी वाचत खाली गेले. अतिसार लावला तर मात्रा पुन्हा चढणार. अपघात लावला तर रस्ते बंद होतील. अर्धांगवायू, कावीळ, गोवर, प्रत्येकाला काही ना काही जोडलेले. प्रत्येक खोटे कुठेतरी एखादे चाक फिरवणार होते. सबंध यादीत एकाच कारणासमोर अजून कृती नव्हती. मी स्वतः घातलेले दुसरे. वृद्धापकाळ. मंगळवारीच ती शंभरावर गेली होती, पण तिथल्या रकान्यात फक्त दोन शब्द होते: ‘शोध सुरू’.

आई डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. “काय झालं गं? पाणी गेलं का?”

“येतंय,” मी म्हणाले आणि निवडले.

दाबण्याआधी पडद्याने नियमाप्रमाणे एकशे सदतीस नावे वयासकट दाखवली आणि खात्री आहे का विचारले. मी नावे वाचली नाहीत, वये मात्र दिसली. बावन्न. एकेचाळीस. चौतीस. सर्वांत लहान एकोणीस होते. मी ‘होय’ दाबले.

वापर शून्यावर आला, नोंद यादीतून गेली, आणि तिच्याबरोबर तिची कृतीही गेली. बारा वाजून चौदा मिनिटांनी भिंतीतला नळ पुन्हा घुमला.

आप्पा दुपारी डबा घेऊन आले. आई मशीनवरून उतरून बसली होती, ओठांत जाणीव परतली होती आणि तिला लोणचे हवे होते. आप्पांनी माझा लॅपटॉप पुढे ओढून भिकनआबांची नोंद उघडली. ती त्यांनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या हाताने दुरुस्त केली होती. त्यांनी ती दोनदा वाचली.

“बावन्नाव्या वर्षी वृद्धापकाळ,” ते म्हणाले.

“आप्पा, दुसरं काही नव्हतं यादीत.”

त्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. गेली अकरा वर्षे ते हेच वाक्य लोकांना सांगत आले होते. आईला लोणच्याची फोड धुऊन दिली, मीठ कमी व्हावे म्हणून.

त्या दोनशे किलोमीटरवरच्या बाईंचा फोन त्या दिवशी तीनदा आला. मी उचलला नाही.

याला पाच आठवडे झाले. समिती बसली, तिने मात्रा मर्यादेत असल्याची नोंद केली. आईचे हिमोग्लोबिन आठवर आले आहे. आमच्या विभागात आता कुठलीही साथ नाही. पडदा सगळीकडे हिरवा आहे. अकरा जिल्ह्यांतल्या ऑपरेटरांना यादीत न बसणाऱ्या माणसांसाठी एक बिनधोक नोंद सापडली आहे, आणि तिचा आकडा काल नऊ हजारांवर गेला. संवेदच्या आजवरच्या सगळ्या आकड्यांत तो सर्वांत मोठा आहे.

वृद्धापकाळासमोर अजूनही ‘शोध सुरू’ असेच दिसते. रोज बाराला दोन मिनिटे असताना मी हातातले काम थांबवते आणि तो रकाना उघडून बसते.